मालकाने भरलेली फी आणि कामगाराचे आयकर-विवरणपत्र



या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे विषय होत आले आहेत. त्यांच्या पंक्तीत आज आयकर येऊन बसला आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. चालकमंडळींनी आम्हांला कामगार चळवळीच्या आठवणी सांगायला बोलावले होते. आम्ही म्हटले, आठवणी पुष्कळ सांगून झाल्या. यंदा एक हिशोब सांगू द्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा लोकांना व्यवहाराचे ज्ञानही मिळावे हाच हेतू होता. त्या आधाराने आम्ही हे धाडस करीत आहोत.

आमची लायकी तीही सांगून टाकतो. आमचे शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सर्व लेथ मशीनवर, रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती परीक्षेसाठी नव्हे, तर समोरचा वकील काय म्हणतो ते कळावे म्हणून. तेव्हा येथे कोणी चार्टर्ड अकौंटंट बसले असतील, तर आमची चूक झाल्यास त्यांनी शेवटी उठून अवश्य सांगावी.

विषय असा. कामगार किंवा कारकून नोकरी करता करता शिकतो. त्याची फी मालक भरतो, अथवा त्याने भरलेली फी परत देतो. या पैशाचे त्याच्या आयकर-विवरणपत्रात काय होते? प्रश्न लहान दिसतो. आम्हांलाही तो लहानच वाटला होता, आणि त्याची किंमत एका दुसऱ्याच माणसाने भरली. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या भागातील एका कारखान्यात आम्ही वेतनकरार केला. नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही, कारण पुढे दिसेल की दोष त्यांच्यापेक्षा आमचा अधिक होता. त्या करारात एक कलम होते : जो कामगार पुढे शिकेल आणि उत्तीर्ण होईल, त्याची फी कंपनी परत देईल. हे कलम मिळाले त्या दिवशी आम्ही गेटवर सभा घेतली, पेढे वाटले. रात्रशाळेच्या बाकावर पेंगत शिकलेल्या माणसाला त्या कलमाचे किती अप्रूप असेल, ते आपण समजू शकाल.

आर्थिक वर्ष २०२२–२३ मध्ये दोघा तरुणांनी त्या कलमाचा लाभ घेतला. एकाला कंपनीने स्वतः पत्र देऊन संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या प्रशिक्षणाला पाठविले. संस्थेचे बिल कंपनीच्या नावाने आले, कंपनीनेच ते भरले. दुसरा स्टोअरमध्ये होता. त्याने आपल्या मनाने व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम घेतला, पहिल्या वर्षाची २४,००० रुपये फी उसनवारी करून भरली, रात्री जागून पास झाला, आणि पावती कचेरीत देऊन पैसे परत मिळविले. मार्चचा पगार झाला. पहिल्याचा पगार नेहमीसारखा आला. दुसऱ्याच्या पगारातून जवळजवळ सोळा हजार रुपये कापले गेले होते.

तो आमच्याकडे आला तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही घाईने म्हटले, काहीतरी चूक असेल, साहेबांशी बोलतो. बोललो. चूक नव्हती. अकौंट्स खात्यातील गृहस्थांनी हिशोब समोर ठेवला आणि तो बरोबर होता. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने चहा पुढे ठेवला आणि विचारले, "अण्णा, शिकल्याबद्दल दंड असतो का?"

मंडळी, आजचे आमचे सारे व्याख्यान म्हणजे त्या बाईंना तेव्हा न देता आलेले उत्तर आहे.

प्रथम कायद्याचे मूळ पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यात पगार म्हणजे केवळ हातात पडणारी रोकड नव्हे. कलम १७ च्या दुसऱ्या पोटकलमात 'परिलब्धी' येतात. म्हणजे नोकरीमुळे मिळणारे इतर लाभ. त्यात असे म्हटले आहे की, जे देणे वास्तविक नोकराने द्यायचे ते मालकाने दिले, तर ती रक्कम नोकराची परिलब्धी होय. उदाहरणार्थ, आपल्या घराचे वीजबिल मालकाने भरले, तर तो आपला पगारच झाला. फीचेही तसेच. अभ्यासक्रम आपण निवडला, प्रवेश आपण घेतला, फीचे देणे आपले होते. ते मालकाने फेडले. म्हणजे तेवढा पगार वाढला, आणि पगारावर कर.

मग पहिल्या तरुणाला कर का नाही? कारण त्याचे शिक्षण हे मालकाचे काम होते. नवे यंत्र कंपनीने आणले, ते चालविणारा माणूस कंपनीला हवा होता. नोकरांच्या प्रशिक्षणावर मालकाने केलेला खर्च, बाहेरगावी पाठविले तर राहण्या-जेवण्याचासुद्धा, हा नोकराच्या उत्पन्नात धरीत नाहीत. तो धंद्याचा खर्च आहे. जसे यंत्राला तेल, तसे माणसाला प्रशिक्षण. उपमा फारशी गौरवाची नाही, पण करापुरती ती आपल्या फायद्याची आहे.

तेव्हा सूत्र एवढेच : शिक्षणाची गरज कोणाची? मालकाची असेल, तर कर नाही. आपली असेल, तर कर आहे. पण संसारात सर्व गोष्टी अशा स्वच्छ दोन बाजूंना नसतात. संध्याकाळचा डिप्लोमा मालकालाही उपयोगी आणि आपल्यालाही. अशा वेळी निकाल कागदावर लागतो. पाठविल्याचे पत्र आहे का? अभ्यासक्रमाचा आपल्या कामाशी संबंध लिहिलेला आहे का? बिल कोणाच्या नावाचे? प्रवेशाच्या आधीचे पत्र आणि नंतर मागून घेतलेले पत्र यांत फरक आहे. नंतरचे पत्र म्हणजे पाऊस पडून गेल्यावर उघडलेली छत्री.

आता तो सोळा हजारांचा हिशोब. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी मांडून पाहावा. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आमच्या तरुणाने जुनी करपद्धती घेतली होती. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि मुलीची शाळेची फी मिळून कलम ८०सी खाली त्याची १,२०,००० रुपयांची वजावट होती. ती आणि ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन त्याचे करपात्र उत्पन्न ४,९०,००० रुपये. अडीच लाखांवरील रकमेवर पाच टक्के दराने कर १२,००० रुपये. परंतु कलम ८७अ असे की, करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल, तर साडेबारा हजारांपर्यंतचा कर माफ. म्हणजे त्याला कर शून्य. गेली कित्येक वर्षे शून्यच होता.

त्यात फीचे २४,००० मिळविले. उत्पन्न झाले ५,१४,०००. पाच लाखांची वेस ओलांडली आणि माफी गेली. वरच्या चौदा हजारांपुरती नव्हे, संपूर्ण गेली. पाच लाखांपर्यंतचा कर १२,५००. वरच्या १४,००० वर वीस टक्क्यांनी २,८००. एकूण १५,३००. त्यावर चार टक्के उपकर ६१२. सर्व मिळून १५,९१२ रुपये. चोवीस हजारांच्या फीतून त्याच्या हाती खरे उरले ८,०८८. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की आवळा एकाने दिला आणि कोहळा दुसऱ्याने काढला.

आणि आता जे सांगतो ते आम्हांला अजून टोचते. ८०सी ची मर्यादा दीड लाखांची होती; त्याची तीस हजारांची जागा रिकामी होती. एकतीस मार्चच्या आत त्याने पोस्टात भविष्यनिधीच्या खात्यावर केवळ १४,००० रुपये टाकले असते, तर उत्पन्न बरोबर पाच लाखांवर येऊन कर पुन्हा शून्य झाला असता. चौदा हजार त्याच्याच नावावर राहिले असते आणि १५,९१२ वाचले असते. यासाठी त्याला जानेवारीत एक वाक्य सांगणारा माणूस हवा होता. तो माणूस आम्ही असायला हवे होतो. आम्ही कलम लढवून मिळविले, पेढे वाटले, पण त्या कलमावर कर लागेल का हे विचारले नाही.

त्या तरुणाने दुसऱ्या वर्षाची फी भरली नाही. त्याचा पदविका अभ्यासक्रम अर्धाच राहिला आहे.

लगेच पुढच्या वर्षी, २०२३–२४ मध्ये, चित्र बदलले. नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर माफ झाला आणि प्रमाणित वजावटही मिळू लागली. तोच पगार, तीच फी, पण नवी पद्धत निवडली असती, तर कर शून्य आला असता. २०२५–२६ साठी ही मर्यादा बारा लाखांवर गेली. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. आपल्यातील बहुसंख्य कामगार त्यामुळे सुटले. पण वरच्या पायरीवर तोच प्रसंग उभा आहे. २०२५–२६ मध्ये एखाद्या सुपरवायझरचे करपात्र उत्पन्न ११,९०,००० असून कर शून्य आहे, आणि त्याला २४,००० फी मिळाली, तर उत्पन्न १२,१४,००० होते. येथे कायद्याने थोडी दया ठेवली आहे : बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून अधिक कर घ्यायचा नाही. तरी चौदा हजार आणि उपकराचे ५६० द्यावे लागतातच.

म्हणून फी परत मिळण्याआधी दोन्ही पद्धतींनी हिशोब करून पाहावा. मात्र नव्या पद्धतीत ८०सी सारख्या वजावटी मिळत नाहीत, हे विसरू नये.

मुलांच्या शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न नेहमी विचारला जातो. मुलाची फी मालकाने भरली, तर तीही आपली परिलब्धी. कारखान्याची स्वतःची शाळा असेल आणि तेथे मूल फुकट शिकत असेल, तर दर मुलामागे महिना १,००० रुपयांपर्यंतचा लाभ १९६१ च्या कायद्याखालील नियमांनी करमुक्त धरला होता. शिक्षणभत्ता म्हणून पगारात जी रक्कम येई, तिच्यातील दर मुलामागे महिना शंभर रुपये, तेही दोन मुलांपुरते आणि जुन्या पद्धतीतच, १९६१ च्या कायद्याखाली माफ होते. शंभर रुपयांत वह्यासुद्धा येत नाहीत, हे कायदा करणाऱ्यांच्या घरीही ठाऊक असावे. ८०सी खाली दोन मुलांची शिकवणी फी वजा होई. देणगी आणि विकासनिधी नव्हे. आणि नीट ऐका : स्वतःच्या शिक्षणाची फी त्यात धरीत नव्हते. मुलगी शिकली तर वजावट, बाप शिकला तर नाही. स्वतःसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले, तर जुन्या पद्धतीत केवळ व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळे. मालकाकडून उचल घेतली, तर तीही नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा आम्ही सांगितलेले क्रमांक जुन्या वर्षांच्या विवरणपत्रांसाठी समजा, आणि पुढच्या वर्षांसाठी मर्यादा त्या त्या वर्षी तपासून घ्या. गरज कोणाची, कागद कोणाच्या नावाचा, आणि वेस ओलांडली जाते का, हे तीन प्रश्न मात्र विचारीत चला.

आता विवरणपत्र भरण्याच्या वेळी काय पाहावे? १९६१ च्या कायद्याखालील वर्षांसाठी मालकाकडून फॉर्म १६ मिळतो. त्यात पगार एका ओळीत आणि परिलब्धीची किंमत दुसऱ्या ओळीत असते. तिच्यासोबत १२बीए नावाचे एक पत्रक असते. त्यात विनामूल्य शिक्षणाची वेगळी ओळ आहे. पुष्कळ लोक फॉर्म १६ ची शेवटची रक्कम पाहतात आणि घडी घालून ठेवतात. ही घडी उघडा. प्रशिक्षणाची फी चुकून परिलब्धीत टाकली असेल, तर आधी कचेरीकडून दुरुस्ती मागा, लेखी मागा. त्यांनी न केल्यास विवरणपत्रात आपला हक्क मांडता येतो. अंतिम हिशोब विवरणपत्राचा असतो, फॉर्म १६ चा नव्हे. पण मग पाठविल्याचे पत्र आणि बिल जपून ठेवा, कारण दोन कागदांतील फरक पाहून खात्याकडून विचारणा होऊ शकते. उलट, फी खरोखर आपल्या शिक्षणाची असेल, तर ती लपवू नका. आणि मालकाने करमुक्त भरलेली फी आपण भरली असे कोठे दाखवू नका. दुहेरी लाभ हा लाभ नसतो. तो पुढच्या नोटिशीचा आगाऊ हप्ता असतो.

येथवर कायदा काय आहे ते झाले. कायदा असा असावा का, याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय युनियनचा माणूस खाली बसणार नाही.

एखाद्या वकिलाने आपल्या व्यवसायासाठी पुस्तके घेतली, तर तो खर्च त्याच्या उत्पन्नातून वजा होतो. कारखानदाराने नोकरांना शिकविले, तो खर्चही वजा होतो. कामगाराने स्वतःला शिकविले, तर त्याला ठरलेल्या प्रमाणित वजावटीपलीकडे काही नाही. आणि दुसऱ्याने त्याची फी भरली, तर वर कर. शिक्षण तेच, विद्याही तीच. पण हातात हत्यार घेणाऱ्याच्या वाट्याला ती चैन म्हणून येते.

सरकारची बाजू आम्हांला कळत नाही असे नाही. फी सरसकट करमुक्त केली, तर मोठ्या पगाराचे अधिकारी आपला पगार फीच्या नावाने घेतील. ही भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय आहे, आणि तो दुसऱ्या देशात करून पाहिलेला आहे. अमेरिकेत १९७८ साली कायदा करून १२७ क्रमांकाचे कलम घातले. लेखी योजनेखाली मालकाने भरलेली फी, शिक्षण त्या नोकरीच्या कामाचे असो वा नसो, नोकराच्या उत्पन्नात धरायची नाही. १९८६ पासून त्याला वर्षाला ५,२५० डॉलरची मर्यादा होती. योजना बड्या पगाराच्या लोकांना झुकते माप देणारी नसावी, फीऐवजी रोख घेण्याची मुभा नसावी, अशा अटी घातल्या. मर्यादेच्या वरची रक्कम साधारणतः पगारात धरून तिच्यावर कर. ही सवलत तेथे पुन्हा पुन्हा मुदत संपून गेली, पुन्हा आली. मध्यंतरी काही वर्षे पदवीनंतरचे शिक्षण तिच्यातून वगळले. अखेर जानेवारी २०१३ मध्ये सही झालेल्या कायद्याने ती कायम झाली. त्या देशाचे सर्वच अनुकरणीय आहे असे आमचे म्हणणे नाही. पण मर्यादा घालून आणि सर्वांना समान ठेवून ही गोष्ट करता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. आपल्याकडेही अशी वार्षिक मर्यादा असावी, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या निवेदनांत घालावी, अशी आमची सूचना आहे.

ही मागणी नवी वाटली, तरी तिच्यामागची गोष्ट जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगारांच्या हिताबरोबर त्यांच्या ज्ञानाचाही विचार केला. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापिली, तिने मुंबईत कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका हे तत्त्व महाराष्ट्राच्या अंगी मुरविले. कमावणाऱ्याने शिकावे हा या मातीचा आग्रह आहे. कर बसवणाऱ्याला तो ठाऊक करून देणे हे आपले काम आहे.

आमच्यापुरते म्हणाल, तर नंतरच्या करारात आम्ही ते कलम पुन्हा लिहिले. अभ्यासक्रम प्रशिक्षणात धरला जाणार की नाही, हे कंपनीने प्रवेशाच्या आधी लेखी सांगायचे. फी करपात्र असेल, तर डिसेंबरअखेर कामगाराला अंदाजे कराचा आकडा द्यायचा. नोकरी सोडल्यास फी परत करण्याची अट असेल, तर किती महिन्यांची आणि किती रकमेची, तेही आधी. कारण अशा वेळी फी परत जाते, पण तिच्यावर भरलेला कर आपोआप परत येत नाही. या तीन ओळींना कंपनीने फार विरोध केला नाही. पहिल्या वेळी मागितल्या असत्या, तर तेव्हाही मिळाल्या असत्या, असे आम्हांला वाटते.

त्या बाईंना आम्ही हल्लीच उत्तर दिले. म्हटले, शिकल्याबद्दल दंड नसतो; न विचारल्याबद्दल असतो, आणि विचारायचे होते ते तुमच्या यजमानांनी नव्हे, आम्ही. त्या काही बोलल्या नाहीत. पण यंदा फॉर्म कधी निघतात, याची चौकशी त्यांनी केली. त्यांना स्वतःला शिकायचे आहे की यजमानांना परत बसवायचे आहे, हे आम्ही विचारले नाही. दोन्ही हिशोब करून ठेवले आहेत.